बैलाच्या सिनेमाचा खरा शेवट

महाल, नागपूर
बुधवार, १४ मे १९६९

प्रिय शामला,

सप्रेम नमस्कार. मी इकडे ठीक आहे. कळमेश्वरला तुम्ही सगळे ठीक असाल असं धरून चालतो. तुझं पत्र सोमवारीच मिळालं. दोन दिवस खिशात घेऊन फिरलो.

उन्हाचं विचारू नकोस. महालातल्या डांबरावर रिक्षाची चाकं रुतून राहतात. या वर्षी घरात वाळ्याची ताटी लावली आहे. तासातासाला तिच्यावर पाणी मारलं जातं. तरी दुपारी भिंतीला हात लावला की चटका बसतो. मी आता सिनेमाच्या पेट्या सावनेरकडे नेतो. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की आमच्या कंपनीच्या मालकांनी माझा कळमेश्वरचा फेरा बदलला. ते खोटं होतं. मीच बदलून मागितला.

तुझं पत्र पाच ओळींचं. 'शनिवारी बाबाशी बोलाले येता ना? रविवारी काटोलचा मास्तर मले पाहाले येऊन राहिला. मी मायले सांगतलं, मले नाही दाखवाचं. काहून, ते नाही सांगतलं. ते तुम्ही येऊन सांगा.' याचं उत्तर एका ओळीत होण्यासारखं होतं. पण मी दोन दिवस त्या बैलाच्या सिनेमाचाच विचार करतो आहे. तेवढं आधी लिहू दे.

मागच्या तान्ह्या पोळ्याचा तीनचा खेळ. परदेशातला बैलाशी झुंजणारा एक देखणा गडी आणि त्याच्यावर जीव टाकणारी बाई. तुमच्या टॉकीजचे मालक मधुकरराव, त्यांनी पोस्टरवर बैल पाहिला आणि म्हणाले, "ताराचंद, बैलाचा सिनेमा आहे गा! पोळ्याले लावून टाकू. गाव लोटते पाहा." मी सिनेमाची पेटी नागपूरहून आणणारा आणि इंग्रजी खेळ माइकवर मराठीत सांगणारा माणूस. सिनेमा मी आधी पाहिला होता. त्यात बैलाचं काय होतं ते मला ठाऊक होतं. बोललो नाही. कोणाला नाही म्हणायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटते. हे तुला अजून ठाऊक नाही.

गाव लोटलं. पोरं आपापले लाकडी बैल बगलेत मारून आली. तुझ्या मायनं, रंभाबाईंनी, पोस्टरवरच्या बैलाला कुंकू लावलं आणि मगच तिकीट काढलं. पडद्यावर तो काळा बैल धावत आला आणि अख्खी टॉकीज हात जोडून उभी राहिली. तुझे बाबा पहिल्या बाकावरून ओरडले, "अरे, हा तं गोऱ्हा आहे! अजून मानेले जू नाही लागलं. लाल फडका काहून दाखवून राहिला त्याले? बिचकते ना तो!"

मग घोड्यावरून भालेवाला आला आणि बैलाच्या खांद्यातून रक्त निघालं. पोरांनी आपापले लाकडी बैल छातीशी धरले. परवाच घरोघरी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळून झालं होतं. मी माइकमध्ये म्हणालो, "मंडळी, हा तिकडचा ढोरांचा डॉक्टर. हंगामाआधी सुई देऊन राहिला." लोकांनी श्वास सोडला. त्यानंतर रंगीत काड्या टोचल्या, तर म्हणालो, त्यांच्याकडे बैलाला असाच साज चढवतात. शेवटी तलवार निघाली, तसा मी ऑपरेटर देवरावला हात केला. त्यानं आवाज बंद केला आणि भिंगासमोर पंजा धरला. पडदा काळा झाला. 'रीळ तुटलं' असं सांगून उरलेली गोष्ट मी अंधारात तोंडानंच सांगितली. त्या गड्यानं तलवार फेकली, बैलाच्या गळ्याला मिठी मारली, बाईला घेऊन गावाकडे गेला, दोघांनी शेती केली. काय टाळ्या पडल्या! बायका डोळे पुसत होत्या. मधुकररावांनी मला तिथंच पान खाऊ घातलं.

खेळ सुटल्यावर तू पेलाभर पाणी घेऊन आलीस. घसा बसला असेल म्हणालीस. आणि मग, "खरंच घेऊन गेला तो तिले?"

मी हो म्हणालो. आपलं सगळं त्या 'हो'वर उभं आहे. पुढे दर शुक्रवारी तुमच्या संत्र्याच्या बगीच्यात विहिरीमागे भेटलो. नागपूरहून निघालो की बस मला बैलगाडीसारखी वाटायची. तू उशिरा आलीस तर मी वेड्यासारखा विहिरीला फेऱ्या मारायचो. तुझ्या बोटांना सालीचा वास असायचा. परत येताना मी हात धूत नव्हतो. हे सगळं खरं होतं, शामला. यात माइकचं काही नव्हतं.

आता सिनेमाचा शेवट खरा सांगतो. बैल तिथंच मेला. त्या गड्यानं बाईला वचन दिलं होतं की ही शेवटची झुंज, उद्या आपण निघू. त्याच तोंडानं त्यानं ठेकेदाराला पुढच्या सहा झुंजी कबूल केल्या होत्या. बाईला सांगितलं नाही. सांगायला त्याला रोज वेळ होता. पुढच्याच झुंजीत दुसऱ्या बैलानं त्याच्या पोटात शिंग घातलं. बाई गाठोडं बांधून बसली होती. तिला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. मी हे चार वेळा पाहिलं आणि चारही वेळा मला त्या गड्याचा संताप आला.

पुढचं पुस्तकी भाषेत लिहवत नाही.

शामला, माहं लग्न झालं. मागच्या महिन्यात, एकवीस तारखेले. मामाच्या पोरीसंग. सुभद्रा नाव तिचं. मी मामाच्या घरी नाही म्हणालेच गेलो होतो. तुही शपथ. तिथं सतरंजीवर पंचवीस माणसं बसली होती. मामानं मले पाटावर बसवलं, कपाळाले कुंकू लावलं, हातात नारळ देला. मी मनात म्हटलं, चहा झाला की सांगतो. चहा झाला. साक्षगंधही झालं, तिथंच लग्नाची तारीखही निघाली. कोणी जबरदस्ती नाही केली. कोणी इचारलंही नाही. मी बसून राहिलो, एवढंच.

त्याच्यानंतर तुले तीन पत्रं लिवली. तिन्हींत बाबाशी बोलाले येतो म्हणून लिवलं. लिवताना ते मलेच खरं वाटे.

मले रडू नाही येत. जेवतो, पेट्या नेतो, झोपतो. भाजीत तिखट जास्त पडलं तरी मले समजत नाही, तीच सांगते. ती भली आहे. तिचा काही दोष नाही. तू मले अजूनही आवडते. हे लिवताना छातीत काहीतरी व्हाले पाहिजे. होऊन नाही राहिलं.

मी शनिवारी येत नाही. तू दारात उभी राहू नको वं. मास्तरले हो म्हण असं मी नाही सांगणार, तो हक्क मले नाही. नाही म्हणाचं तं नाही म्हण, पण माह्या नावानं नको. अन् म्हणाचं असलं तं चहाच्या आधी म्हण.

पत्र कौशल्याबाईच्या शिवणक्लासच्या पत्त्यावर पाठवतो, नेहमीसारखं. टाकाले सुभद्राच चालली आहे. भाजीले निघाली, थैली घेऊन दारात उभी आहे. तिले वाचता येत नाही. आताच इचारलं तिनं, "कोणाले लिवता एवढं लंबं?"

मी म्हटलं, "टॉकीजच्या मालकाले."

तिनं लगेच खरं मानलं.

ताराचंद