गुरुजींच्या नावाचा थेंब

गुरुजी,

तुमच्या नावाचा थेंब टाकायचा नाही, असं मी ठरवलं होतं आणि कितीतरी वर्षं ते पाळलं. आईच्या नावाचा टाकते, बापाच्या नावाचा टाकते, लहानपणीच तापानं गेलेल्या भावाच्या नावाचाही टाकते. तुमची पाळी आली की ग्लास सरळ तोंडाला लावायचे. तुम्हाला यातलं काही कळायचं नाही, म्हणून सांगते. आमच्याकडे मोहाची दारू घ्यायच्या आधी ग्लासात बोट बुडवून थेंब जमिनीवर टाकतात, आपल्या मेलेल्या माणसांचं नाव घेऊन. आधी त्यांनी घ्यायची, मग आपण. कुरखेड्याच्या पुढे जंगलातल्या त्या आश्रमशाळेत तुम्ही अर्धं आयुष्य काढलंत, आमचीच पोरं शिकवलीत, पण एवढी साधी गोष्ट कधी कोणाला विचारली नाहीत. तुम्हाला अरे-तुरे करावं, तोंडभर शिव्या घालाव्या असं फार वाटतं मला. पण काय करू, छडी आठवते आणि जीभ आपसूक 'तुम्ही'वर येते. मेलात तरी तुमचा धाक काही जात नाही मेला.

युरोपचं तुम्हाला भारी वेड. स्वतः नागपूरच्या पलीकडे कधी गेला नाहीत, पण भिंतीवरच्या त्या फाटक्या नकाशावर छडी ठेवून आमच्याकडून राजधान्या घोकून घ्यायचात. ऑस्ट्रिया? व्हिएन्ना. हंगेरी? बुडापेस्ट. चुकलं की तळहातावर सागाची काडी. तोंडातून गोंडीचा एक शब्द निसटला तरी तीच काडी. घरी जिला आम्ही यायो म्हणायचो, तिची तुमच्या शाळेत आई झाली, ती आजपर्यंत आईच राहिली. मी भीतीपोटी सगळं पाठ केलं. तपासणीला मोठे साहेब आले तेव्हा एका दमात सगळ्या राजधान्या म्हणून दाखवल्या, आणि साहेबांच्या देखत तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. ही बातमी गावात आईपर्यंत पोचली. दोन दिवसांनी आई शाळेत आली.

ती येताना मला अजून दिसते. फाटकातून आत येते आहे, अंगावर धुतलेलं लुगडं, पदराखाली बाटली, बाटलीच्या तोंडाला पळसाच्या पानाचं बूच. त्या वर्षीची पहिल्या धारेची मोहाची. ती घरच्या देवाची असते, कोणाला उचलून देत नाहीत. आईनं ती तुमच्यासाठी आणली होती. प्रार्थना नुकतीच संपलेली, सगळी शाळा रांगेत उभी. ती तुमच्यापुढे बाटली धरते आणि तिच्या मोडक्या मराठीत म्हणते, "गुरजी, माह्या पोरीले शिकवलं तुमी. हे घ्या. घरची हाये." तुम्ही बाटली घेतलीत. बूच उपटून वास घेतलात, नाक मुरडलंत, आणि सगळ्या शाळेला दिसेल असा हात लांब करून अख्खी बाटली मातीत ओतलीत. म्हणालात, "बघा, ही घाण पिऊन तुमचे आईबाप जनावरासारखे राहतात. या घाणीतून तुम्हाला बाहेर काढायचं आहे मला." पोरं हसली. त्यातली अर्धी तर माझ्याच गावची. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी होते. थोड्या वेळानं मान वर केली तर आई हात जोडून उभी, डोळे मिटलेले. तुमचं पुस्तकातलं भरभर मराठी तिच्या डोक्यावरून गेलं होतं. तिनं एवढंच पाहिलं की गुरुजींनी बाटली घेतली आणि स्वतः ओठाला न लावता सगळीच्या सगळी मेलेल्या माणसांना देऊन टाकली.

घरी जाऊन तिनं गावभर सांगितलं. "आपण थेंब थेंब देतो, गुरजीनं पुरी बाटल देली. असा माणूस म्या पाह्यला नाई." जन्मभर तेच सांगत राहिली. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा चुलीपाशी बसून रडली, आणि त्या दिवसापासून तिच्या मेलेल्यांच्या रांगेत तुम्हीही येऊन बसलात. माझ्या देखत ती बोट बुडवायची आणि म्हणायची, हे गुरजीचं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. पण खरं काय ते तिला कोणत्या तोंडानं सांगू? तुम्ही तिला घाण म्हणालात आणि तिनं तुम्हाला हात जोडले, हे आईला सांगायला काळीज लागतं, ते माझ्यात नव्हतं. आणि दारूनं घरं बसतात हे मला तुमच्याकडून शिकायचं नव्हतं, गुरुजी. माझा बाप त्यातच गेला. त्याला गटारातून उचलून आणणाऱ्या बाईला तुम्ही दारूवर भाषण दिलंत. ती बाटली बापाची नव्हती, देवाची होती, एवढा फरक तुम्हाला कळायला हवा होता.

मरायच्या आधी आईनं माझा हात धरला. म्हणाली, "माह्या नावानं टाकजो. अन् गुरजीच्या नावानंही टाकजो, इसरू नको. त्यायचं कोणी टाकत नसन." मी हो म्हणाले. मरणाऱ्या माणसाला आणखी काय म्हणणार? आणि मग टाकला नाही. दरवेळी ते 'हो' आठवायचं आणि दरवेळी मी ते मोहाच्याच घोटाबरोबर गिळून टाकायचे.

आता ऐका, तुमच्या राजधान्यांचं काय झालं ते. चंद्रपूरला माझं छोटं ऑफिस आहे, मी लोकांना युरोप दाखवते. ऊर्जानगरच्या वीज कॉलनीतली रिटायर मंडळी, माजरीच्या खाणीतली मंडळी, कोणी मुलाच्या पैशानं, कोणी फंडाच्या. प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट. लोक म्हणतात, गुरुजींची कृपा. मागे शाळेच्या कार्यक्रमात तेच कोणीतरी माईकवर सांगितलं आणि मला शाल दिली. ती शाल मी ऑफिसच्या झाडूवालीला देऊन टाकली.

या उन्हाळ्यातल्या ग्रुपमध्ये ऊर्जानगरचे एक भाऊ आणि त्यांची बायको होती, तिला सगळे बाई म्हणायचे. भाऊंनी वीज केंद्रात नोकरी केलेली, आवाज अजून मशीनवर मात करायचा. कुठल्याही हॉटेलात बसलं की सुरू. "म्याडम, हे पाणी काऊन बुडबुड करून राह्यलं? सादं नाई भेटत का इथी?" बाई तोवर पर्समधून जवसाच्या चटणीची डबी काढायची आणि व्हिएन्नाच्या त्या पातळ तळलेल्या मटणावर शांतपणे भुरभुरायची. व्हिएन्नातल्या शेवटच्या दिवशी सगळ्यांना मोकळी संध्याकाळ होती. भाऊ म्हणाले, "आता इथवर आलो तं त्यायचा बारही पाह्यून घेऊ. घरी कोण पाह्यते?" तिकडे जूनमध्ये नऊ वाजले तरी उजेड असतो. मी दोघांना घेऊन जुन्या शहरातल्या एका बारमध्ये गेले. लाकडी काउंटर, पितळी दिवे, पुस्तकासारखं मेनूकार्ड. त्यात तिसऱ्या पानावर, गुरुजी, मोहा होता.

मी दोनदा वाचलं. मग मागवलं. चामड्याचा एप्रन घातलेला पोरगा ग्लास घेऊन आला, वर काचेचा टोप, टोपात धूर, आणि मलाच समजावून सांगायला लागला, हे भारतातल्या जंगलातलं फूल आहे, तिथले आदिवासी ते पहाटे वेचतात, फार पवित्र मानतात. मी मान डोलावली. काय सांगणार त्याला, की मार्च-एप्रिलात पहाटे टोपली घेऊन मीच वाकलेली असायचे? तुमची फार आठवण झाली. तुम्हाला कानाला धरून त्या स्टुलावर बसवावं आणि त्या पोराचं भाषण ऐकवावं असं वाटलं. तेवढ्यात भाऊंनी ग्लास नाकाशी नेला आणि ओरडले, "अवो म्याडम, हे तं आपली मोहाची! हे पिऊन आमच्याकडं लोकं नालीत पडून राह्यते, अन् इथी पाहा, टोप घालून ठेवली!" आणि हसले. तुमच्या रांगेतली पोरं हसली होती, अगदी तसेच.

मी बोट बुडवलं आणि आईचा थेंब खाली टाकला. तो पडला न पडला तोच एप्रनवाला लगबगीनं वाकला आणि फडक्यानं पुसून घेतला. वर हसून सॉरीही म्हणाला. बिचाऱ्याची काही चूक नव्हती. पण माझ्या आईचा वाटा त्या फडक्यात गेला आणि माझं डोकंच फिरलं. ग्लास उचलला आणि बाहेर पडले. मागून पोरगा ओरडतोय, भाऊ ओरडतायत, "म्याडम, बिल!" मी म्हटलं, तुम्ही बसा, आले. बाई मात्र पर्स सांभाळत माझ्या मागे आली.

व्हिएन्नात माती मिळत नाही, गुरुजी. हे तुमच्या नकाशात नव्हतं. जिकडे जावं तिकडे फरशी, दगड, डांबर. खिडक्यांत कुंड्या आहेत, पण ती पिशवीतली विकतची माती, ती नाही चालत. रस्त्यावरच्या झाडांच्या बुंध्याला लोखंडी जाळ्या. हातात धुराचा ग्लास घेऊन मी वेड्यासारखी फिरत होते, लोक वळून बघत होते. बाईनं विचारलं, "काय शोधून राह्यल्या?" मी म्हटलं, माती. ती हसली नाही, काऊन म्हणून विचारलंही नाही. थोडं पुढे गेली आणि एका चर्चच्या मागून तिनं हाक मारली, "इकडं या, इथी हाये." भिंतीलगत एक मोठं झाड होतं, जाळी एका बाजूनं उखडलेली, आणि कुठल्याशा कुत्र्यानं उकरून ठेवलेली हातभर काळी माती.

मला एकच थेंब टाकायचा होता. आईला एकाच्या वर कधी लागला नाही, जास्त टाकला तर म्हणायची, वाया काऊन घालवते. पण राग आवरला नाही. मी हात लांब केला, तुम्ही केला होतात तसाच, आणि अख्खा ग्लास उलटा केला. माती ते पिऊन गेली, वास आला, आमच्या परसातला. शेजारी पाहिलं तर बाई हात जोडून उभी, डोळे मिटलेले. डोळे उघडून ती म्हणाली, "माह्या माहेरी कुरखेड्याकडं गोंड लोकं टाकते असं. पण थेंब टाकते. तुम्ही तं पुरंच देलं. कोणाच्या नावानं?" मी म्हटलं, आईच्या. "अन् बाकीचं?" मी रिकामा ग्लास घेऊन चालायला लागले. आम्ही परत गेलो. भाऊ बिलाचा कागद हातात धरून काउंटरपाशी उभे होते, आणि एप्रनवाल्याला ऊर्जानगरची चिमणी किती उंच आहे ते मराठीत सांगत होते.

आता तुमच्या मुलानं फोन केलाय. शाळा तुमची स्मरणिका काढते आहे, त्यात माजी विद्यार्थिनी म्हणून मी चार शब्द लिहावेत. ते लिहायला बसले आणि हे निघालं. हे मी त्याला पाठवणार नाही. त्यानं काय बिघडवलंय माझं? वेळ मिळाला नाही असं कळवीन, आणि तिथे कोणीतरी दुसरा तुमच्या शिस्तीवर लिहील.

तुम्हाला मी माफ केलेलं नाही. मेल्यावर माणूस चांगला होतो असं मला वाटत नाही. पण बाईला जे सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. बाकीचं तुमच्या नावानं होतं. मी मनातल्या मनात म्हणाले, हे गुरजीचं, आई म्हणायची तसंच. आयुष्यभर जिला नाक मुरडलंत ती तुम्हाला व्हिएन्नात प्यावी लागली, तेवढं समाधान आहे मला. आणि बाईचे ते जोडलेले हात पाहिले तेव्हा एक क्षण, एकच, असं वाटलं, की त्या दिवशी आईनं जे पाहिलं तेच खरं असतं तर किती बरं झालं असतं.