घोडशेपटीच्या काड्या

३ जून

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

नव्या घरी बाकी सगळं ठीक, पण मागच्या ओलसर जमिनीतल्या एका तणानं मला रडकुंडीला आणलंय. पानं नाहीत, फुलं नाहीत, नुसत्या पेरापेरांच्या पोकळ हिरव्या काड्या. ओढावं तर काडी पेरातून टोपणासारखी निघते आणि मूळ खालीच राहतं. इतकी खरखरीत की बोटं सोलली. शेजारच्या काकू तिला घोडशेपटी म्हणतात आणि करपलेली भांडी तिनंच घासतात. त्यांच्या सासूबाई लघवीच्या तक्रारीवर काढाही करायच्या म्हणे. तो काही मी पिणार नाही. पुढल्या सोमवारी फवारणीवाला येतोय.

अंध मास्तरांच्या कपाटाचं कुठवर आलं? जेवणाच्या वेळा पाळ.

तुझी ताई

६ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी फवारणीवाल्याला नको म्हणून सांग, मग पुढचं वाच. बाबा लाकडावर शेवटचा हात कसल्याशा वाळक्या काड्यांनी फिरवायचे, आठवतं? ते गेले त्याच वर्षी जुडी संपली आणि नाव विचारायचं राहून गेलं. दहा वर्षं शोधतोय. ताई, ती हीच!

मास्तरांच्या कपाटाचं एक दार बाबांच्या हातचं. दुसरं कुजलं म्हणून मी नवं केलं. पॉलिश पेपरनं गुळगुळीत होतं, पण मास्तरांनी बोटं फिरवून दोनदा परत पाठवलं. घरात परकं माणूस उभं असल्यासारखं वाटतं म्हणाले. त्यांचं सगळं घर बोटांवर चालतं. आता जमलं नाही तर कपाटच काढून टाकणार आहेत. बाबांचं या गावातलं तेवढं एकच काम उरलंय. होईल तेवढी जुडी पाठव.

तुझा भाऊ

१० जून

चि. भाऊस,
आशीर्वाद.

फवारणीवाल्याला चहा पाजून परत पाठवला. तण राखणारी बाई त्यानं पहिल्यांदाच पाहिली असावी.

जुडी पाठवणार नाही, घेऊन येते. बाबा त्या काड्या कोमट पाण्यात भिजवायचे, उभ्या चिरून सपाट करायचे आणि लाकडाच्या रेषेबरोबर फिरवायचे, जोर न देता. तू पाळण्यात होतास तेव्हापासूनचं आठवतंय. मुलींनी हत्यारांजवळ यायचं नाही, म्हणून मी उंबऱ्यावर बसून बघायचे. काल स्वयंपाकघरातल्या पाटावर करून पाहिलं आणि पाट तासभर मांडीवरून खाली ठेववेना.

तुझा हात जड आहे. शेवटचा हात मी फिरवणार.

ताई

१७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुला गाडीत बसवून परस्पर मास्तरांकडे गेलो आणि तू हात फिरवलेलं दार बसवलं. मास्तर बाहेरून आले. दोन्ही दारांवरून बोटं फिरवली, वरून खाली, खालून वर. मग खुर्चीत बसले आणि शांतपणे विचारलं, नवं दार कधी आणणार?

बाबांचं दार कुठलं आणि नवं कुठलं, हे त्यांच्या बोटांना कळलंच नव्हतं. मी त्यांचा हात धरून तुझ्या दारावर ठेवला आणि हे आमच्या ताईचं काम, म्हणून सांगितलं. ते बराच वेळ हात काढेनात. मग म्हणाले, इतकी वर्षं ताईंना कुठं ठेवलं होतंत?

दुकानात आणखी दोन कामं शेवटच्या हातासाठी थांबली आहेत, त्यांना मी हात लावणार नाही. कधी येतेस ते कळव. लोभ आहेच, तो आता दुकानावरही असू दे.

तुझा भाऊ