मावशी जगाशी जोडल्या गेल्या

३ मार्च
बायकोची मावशी घशाच्या ऑपरेशननंतर पंचवीस तारखेला पहिल्यांदाच गाणार. त्यांना गळ्याची धास्ती नाही, रिकाम्या खुर्च्यांची आहे. आता मला कोण ओळखतंय, म्हणाल्या. मी म्हटलं, हॉल भरायची जबाबदारी माझी. बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिला लिंक्ड डेटा कळत नाही.

४ मार्च
समजावलं. प्रत्येक गायक, वादक, गाणं यांना वेबवर एकेक कायमचा पत्ता द्यायचा आणि पत्त्याला पत्ता जोडायचा. मग कोण कुणाचं कोण, हे यंत्राला आपोआप कळतं. बायको म्हणाली, ते माझ्या आत्यालाही कळतं, आणि तिला चार्जर लागत नाही. दुर्लक्ष केलं. पोस्टर छापू या म्हणते. कागद! या काळात!

९ मार्च
संकल्प रोज वीस गाण्यांचा होता. एकही झालं नाही. पण ‘गाणं’ म्हणजे नक्की काय, मूळ रचना, तिचं गायन की त्या गायनाचं रेकॉर्डिंग, यावर सखोल विचार झाला. पाया भक्कम हवा. इमारत काय, कुणीही बांधतो.

१५ मार्च
मावशींचं पान तयार. चार ओळी. फारच केविलवाणं दिसतं.

१६ मार्च, दुपारी
सापडलं! जगातल्या मोठमोठ्या संगीतसाठ्यांत मावशींचं नाव आहे. रेकॉर्ड, पुरस्कार, फोटो! चेहरा ओळखू येत नाही; तरुणपणीचा असणार. ‘ही आणि ती एकच’ अशी जोडणी करून टाकली. पान दुथडी भरून वाहू लागलं. खात्री करायला हवी. रविवारी करू.

१८ मार्च, रविवार
मेहुणा आला होता. खात्री राहिली.

२१ मार्च
फळ दिसू लागलं! हॉलच्या मॅनेजरचा फोन. फुलं कुणी आणायची, भाषणं किती, विचारत होता. म्हटलं, भाषणं कशाला, मावशी स्वतः गाणार आहेत. ‘स्वतः?’ असं त्याने तीनदा विचारलं. लाइन खराब असावी.

२२ मार्च
मॅनेजर घरीच आला. मावशींच्या पानावर मृत्यूची तारीख आहे म्हणे. आहे खरी. ती त्याच नावाच्या दुसऱ्या बाईंची. एकदा ‘एकच’ म्हटलं की एकीचं सगळं दुसरीला मिळतं, मरणसुद्धा. म्हणजे जोडणी चोख झाली होती.
मावशींचा फोन. मी गेल्याचं आधी कळवलं असतंत तर रियाजाचे कष्ट तरी वाचले असते, म्हणाल्या. मग आवाज उतरला. आता गातच नाही, म्हणाल्या. बायकोने अर्धा तास समजूत घातली आणि थेट प्रेस गाठली. पोस्टर!

२३ मार्च
जोडणी तोडली. पण माहिती तोवर इतर साइट्सनी उचलली होती. इतक्या झपाट्याने पसरते! हेच तर मी पहिल्यापासून सांगत होतो.

२५ मार्च, रात्री
हॉल भरला. पोस्टरमुळे की माझ्यामुळे, हा वाद आज नको. निम्मी मंडळी पांढरे कपडे घालून, पडेल चेहऱ्याने आली होती. मी फाटकावर उभा राहून एकेकाला मावशी हयात असल्याचं पटवत होतो. एका गृहस्थांनी पुरावा मागितला. लॅपटॉप उघडला, जोडणी-तोडणी सगळी मुळापासून समजावली. त्यांना पटत आलं तेवढ्यात आतून टाळ्यांचा कडकडाट झाला.

२६ मार्च, सकाळी
मावशींचा फोन. जावईबापू, कसं झालं गाणं? म्हणालो, अप्रतिम. कुठलं जास्त आवडलं, विचारलं. म्हणालो, कसं निवडणार, एकापेक्षा एक सरस!
म्हणाल्या, एकच गायले हो.