पारव्या रंगाची स्कूटी

गुरुवार, १२ फेब्रुवारी. पडेगाव, दिवेलागणीला.

सकाळी फेसबुकवर निरोप आला, "अभिनंदन ताई, तुम्हाला बक्षिसात स्कूटी लागली." तेव्हापासून मी जमिनीवर नव्हतेच. मनातल्या मनात दौलताबादच्या रस्त्यानं किल्ल्यापर्यंत जाऊन आले. स्कूटी पारव्या रंगाची, ओढणी वाऱ्यावर, मागं शेजारच्या सलमाआपा. दाराजवळच्या कुंड्या सरकवून जागासुद्धा केली. वेडीच मी!

दुपारी पुन्हा निरोप, पोचवायचा खर्च आधी पाठवा. सलमाआपांना फोन दाखवला, तर त्यांनी एवढंच विचारलं, "चिठ्ठी टाकली होती का गं तू?"

नाय ना. आमच्या गल्लीत बायकांचा साडीचा लकी ड्रॉ निघतो, तिथंही डबा सगळ्यांसमोर हलवतात. जिनं चिठ्ठी टाकली नाही, तिचं नाव निघेल कसं? एवढं मला कळलं नाही? कळलं असेलही. पण कळून घेतलं असतं तर ती पारवी स्कूटी तिथंच थांबली असती.

त्या निरोपवाल्यांना ब्लॉक केलं. उद्या कामावर जायला वाळूजच्या बससाठी पुन्हा पळायचं आहे.

कुंड्या मात्र अजून बाजूलाच आहेत. मघाशी त्या मोकळ्या जागेत खुर्ची टाकून बसले. ओढणी उडत होती.