सगळ्यांचा एकच पेला

४ नोव्हेंबर
ई! त्या दगडाचा मुका घेतात लोक! शेकडो वर्षं, रांगेनं, एकाच जागी. ओठांनी मधोमध खळगा पडलाय. आणि आमचे हे उभे रांगेत, हौशी! म्हणाले, "अगं, इतिहास आहे हा." इतिहास कसला डोंबलाचा, थुंकी आहे! यांच्या पुढच्या बाईला सर्दी. तिनं नाक पुसलं, दगडाला ओठ टेकले, पुन्हा नाक पुसलं. मग यांचा नंबर. मी बाहेर येऊन खसाखसा हात धुतले. मी तर दगडाच्या जवळही गेले नव्हते.

५ नोव्हेंबर
सहलीचं नाव 'जगातले धर्म आणि संस्कृती'. 'जगातले मोजे' ठेवायला हवं होतं! देव कुठलाही असो, दारात बूट काढा. सगळ्या बसचे मोजे एका गालिच्यावर — शी! मी पायांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधते. आज सगळे डोळे मिटून बसलेले आणि मी आपली चर्र चर्र करत चाललेय. गाइड ओठ दाबून हसला. हसू दे. यांना लाज वाटली. वाटू दे.

६ नोव्हेंबर
भुयारातली थडगी. कुबट वास केसांत बसलाय. जेवले नाही.

७ नोव्हेंबर
गाइडनं बसमध्ये पुढच्या शहराचं नाव घेतलं आणि मी हातातला लाडू परत डब्यात ठेवला. लेक राहते तिथे. मी यांच्याकडे बघितलं, हे खिडकीबाहेर बघायला लागले. "तुम्हाला माहीत होतं?" "पत्रकात होतं की." म्हणे पत्रकात होतं! पोस्टातून निवृत्त झालेल्या माणसाला अचानक जगाच्या धर्मांचा पुळका कुठून आला, ते आज कळलं.

तीन वर्षं झाली तिच्या लग्नाला. मुलगा परधर्माचा. मी तेव्हाच म्हटलं होतं, त्यांच्यात सगळे एका ताटात हात घालतात, एकाच पेल्याला तोंड लावतात, तुला जमणारे का? "जमलं," म्हणाली. जमलं! आधीच जेवून आली होती त्यांच्याकडे. मी लग्नाला गेले नाही, तिच्या सासरचं कुणी बघितलंही नाही; तेव्हापासून आमचं बोलणं बंद. आता तिला मुलगी झालीय. फोटो यांच्या मोबाइलमध्ये आहे. मी बघितलेला नाही.

बघितला. हे आंघोळीला गेले होते तेव्हा. कान आमच्या घरातले आहेत.

८ नोव्हेंबर
स्पष्ट सांगून टाकलं — तिच्या घरात पाऊल टाकणार नाही. हे म्हणाले, "बरं." इतक्या पटकन 'बरं' म्हणाले की माझं डोकंच फिरलं. माणसानं आग्रह तरी करावा की नाही! ठेवणीतला निळा ड्रेस काढून इस्त्री केली. चुरगळला होता म्हणून. दुसरं काही नाही.

९ नोव्हेंबर
जावयाच्या धर्माचं प्रार्थनाघर. उंच, पांढरं, गार. हे खरं की स्वच्छ होतं — फरशी माझ्या ओट्यापेक्षा स्वच्छ. पण दारातच तो पेला! येणाऱ्या प्रत्येकाला त्यातूनच पाणी द्यायचं, त्यानं घोट घेऊन पेला परत द्यायचा, की तोच पुढच्याला. एक म्हातारी घागर घेऊन बसलेली. आमची अख्खी बस त्या एका पेल्यातून प्याली. बसमधला तो सारखा खोकणारा काका नेमका माझ्या आधी! म्हातारीनं पेला भरून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. माझ्याकडे बघून इतकी हसली, जशी काही जन्माची ओळख. मी रुमाल काढला. कड पुसली. गोल फिरवून पुन्हा पुसली. तरी नाहीच धजले — पाणी शेजारच्या कुंडीत ओतलं आणि रिकामा पेला तिच्या हातात दिला. ती हसायची थांबली. यांनी डोळे मिटून घेतले.

संध्याकाळी
ती माझी विहीण होती.

हे आत्ता सांगतायत! आत्ता! म्हणे, "तू एक घोट प्यालीस की सांगणार होतो. तुला गोड धक्का." आधी सांगायला तोंड शिवलं होतं का यांचं? लेक आत खांबाआड उभी होती, बाळाला घेऊन. विहीणबाईंनी पाणी दिलं की पुढे यायचं, असं बापलेकीचं ठरलेलं. तिनं सगळं बघितलं आणि मागच्या दारानं निघून गेली.

मी यांच्यावर खूप ओरडले. नंतर ओरडायला काही उरलं नाही.

१० नोव्हेंबर
हे एकटेच गेले तिच्याकडे. मी सकाळपासून निळा ड्रेस घालून खोलीत बसून होते. दार वाजलं की उठत होते. दुपारी हे आले — खांद्यावर दुधाचा डाग. "काय म्हणाली?" खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "ती म्हणते, आईला आणू नका. उद्या माझ्या पोरीलाही ती अशीच पुसून घेईल, ते मला बघवायचं नाही."

पोटच्या पोरीनं असं म्हणावं! मला माझाच संताप येतोय, शिसारी येतेय. यांच्या शर्टाला दुधाचा आंबट वास होता. धुवायला मागितला, तर यांनी दिला नाही.

११ नोव्हेंबर
सकाळी बस सुटायच्या आधी एकटीच प्रार्थनाघरात गेले. पायांत पिशव्या नाहीत. विहीणबाई दारातच होत्या. सगळ्यांच्या त्या पेल्यासाठी मी दोन्ही हात पुढे केले, म्हटलं, पाणी द्या. 'पाणी' तेवढं त्यांना कळलं. "बसा ताई," म्हणाल्या — आपल्या भाषेत. लेकीनं शिकवलं असणार. आत गेल्या, पाणी घेऊन आल्या. कागदी पेला. कोरा, फक्त माझ्यासाठी. हसून म्हणाल्या, "तुम्हाला हे बरं पडेल."