बिनठिपक्याचा खेळाडू

४ सप्टेंबर २०१८, वॉन, कॅनडा

नोकरीचा पहिला दिवस, आणि मला हसू आवरत नाही. पन्नाशीच्या बाईला पत्ते वाटायचा पगार! बाहेरून गोदाम, आत मखमली टेबल, दिवे, तीन कॅमेरे. इंटरनेटवर कॅसिनो चालवणारे वेगळे, आम्ही वेगळे. गिऱ्हाईक त्यांचं, टेबल आणि डीलर आमच्या कंपनीचे. चार कॅसिनोंची माणसं घरबसल्या, कॅमेऱ्यातून बघत एकाच टेबलावर खेळतात, प्रत्येकाला वाटतं टेबल आपल्याच कॅसिनोचं. लायब्ररीतलं पत्त्यांचं पुस्तक शब्दकोश घेऊन वाचलं होतं, ते कामी आलं.

भारतीय गिऱ्हाइकांसाठी कॅसिनोवाल्यांना कुंकू लावलेली बाई हवी. रविकांत गेल्यापासून मी लावलं नव्हतं. मेकअपच्या मुलीने लावलं. आरशात दोन मिनिटं बघत राहिले, मग कामाला लागले.

ग्वेल्फला ईशानीला फोन केला. लेक म्हणाली, आई, आता तू सेलिब्रिटी.

१२ सप्टेंबर

समोरच्या मॉनिटरवर सात जागा दिसतात. प्रत्येक नावाआधी त्या त्या कॅसिनोच्या रंगाचा ठिपका. तीन नंबरवर बसतो त्याला ठिपका नाही, नावही नाही. पैसेही लावत नाही. तीन डाव न खेळणाऱ्याला सिस्टीम उठवते. याला उठवत नाही.

२० सप्टेंबर

सुपरवायझर शैलेंद्रला सांगितलं. नागपूरचा, बोलका पोरगा. म्हणाला, मावशी, प्लेयर त्यांचे, आपण फक्त टेबल देतो, ईमेल टाकतो. चारही कॅसिनोंचं उत्तर एकच: आमचा नाही, टेबल तुमचं, तुम्हीच बघा. शैलेंद्र हसला. कुणाचाच नाही, म्हणजे फुकट्या!

आज फुकट्याने मॉनिटरवर पहिल्यांदा लिहिलं. मराठीत. कुंकू ठसठशीत लावत जा.

२ ऑक्टोबर

आता रोज लिहितो. मान वर. केस मोकळे नकोत. रविकांतने सव्वीस वर्षांत मला असा हुकूम केला नाही. राजीनामा दिला. शुक्रवार शेवटचा, शनिवारी ईशानीकडे. थँक्सगिव्हिंगच्या सणाला पुरणपोळी हवी म्हणते.

टेबलाशी मी यातलं काही बोलले नव्हते. तरी त्याने लिहिलं: शनिवारी नाही.

५ ऑक्टोबर, शुक्रवार

ठिपके गेले. सातही जागा बिननावाच्या. शिफ्ट संपली, बदलीची प्रमिला आली नाही. बदली बसल्याशिवाय दार उघडत नाही. टेबल रिकामं दिसता कामा नये.

इंटरकॉमवर शैलेंद्र म्हणाला, नवी ऑर्डर आलीय, हे टेबल एकाच कॅसिनोला, डीलर तुम्हीच, कायम. कोणत्या कॅसिनोला? तो रकाना कोरा आहे म्हणे. पण सिस्टीममध्ये आहे, मावशी.

दार उघड म्हटलं. म्हणाला, उघडंच तर आहे—

तारीख माहीत नाही

दाराशी उभी राहून लिहितेय. मॉनिटरवर मी टेबलाशी बसलेय. पत्ते वाटतेय.

ओरडले. तिचे ओठ— नुसते हसतात.

नंतर

पाच नंबरवर नाव उमटलं. ईशानी. हिरवा ठिपका. लिहितेय: आई, फोन का घेत नाहीस? दोन दिवस झाले. इथे तर मस्त हसतेयस!

दार बडवते— ईशू, उठ, बंद कर तो लॅपटॉप—

तीन नंबरने लिहिलं: बस, बाळ.

ईशूचा ठिपका फिकट होतोय. नावही. अगं, ती मी नाही, ती