आईचं पिवळं भांडं

१६ जानेवारी

खर्रर्र — खर्रर्र — आणि वळणावर तो लांबलचक स्स्स्! मार्लिसच्या स्केट्सचा आवाज. आज कॉफी ओतताना अगदी कानाशी आला. खिडकीबाहेर पाहिलं — तळं गोठलेलं, वर चिटपाखरू नाही.

टोलेफसनबाईंनी चौथीत पाठ करून घेतलेली कविता तोंडात आली. ‘गोठले वरून तळे जरी, जागे पाणी खालती...’ पुढची ओळ मार्लिसला कधीच यायची नाही. अडली की माझ्याकडे बघायची, मी नुसते ओठ हलवायचो. पुढे मोठी झाली, माझ्याशी लग्न ठरलं, तरी ती ओळ आली नाही म्हणजे नाहीच!

१७ जानेवारी

थंडीनं गाडी सुरू झाली नाही. दिवसभर घरी.

२० जानेवारी

शेरीफच्या कचेरीतली थाओ नावाची पोरगी आली होती. दारातच बूट काढले, तेव्हाच मला आवडली. म्हणाली, “ग्रुंडेकाका, मार्लिसची फाईल पुन्हा उघडलीय.”

मी म्हटलं, “डीएनएसाठी माझी लाळ मागेच घेऊन झालीय, बाई.”

“माहितीय. जुळली नव्हती.”

जुळली नव्हती! पण गावाला ‘हा नव्हे’ पुरत नाही. गावाला ‘मग कोण?’ लागतं. त्या संध्याकाळी मी तिला तळ्यावर सोडून गोदामात पाळीला गेलो. सकाळी ती काठच्या खोपटामागे मारून टाकलेली सापडली. तिच्यासोबत शेवटचा दिसलेला मीच. शिक्षक व्हायचं होतं मला, मुलांना कविता म्हणायला लावायच्या होत्या. जन्मभर धान्याची पोती मोजली.

थाओ समजावून सांगत होती. मार्लिसच्या हातमोज्यावर दुसऱ्याचं रक्त होतं. तो माणूस पोलिसांच्या दप्तरात कुठेच नाही. पण त्याच्या नात्यातलं कुणीतरी दूर ओरेगॉनात, आपण किती टक्के नॉर्वेचे हे कळावं म्हणून, हौसेनं नळीत थुंकलंय. त्या नात्याचा धागा धरून वंशावळ मांडायची. आधी पणजोबांच्या बापापर्यंत वर चढायचं, मग फांदी फांदी खाली उतरायचं.

२१ जानेवारी

झोप नीट नाही. आईची आठवण.

मार्लिस गेली तेव्हा आईनं तिच्या घरी, फॉसींकडे, हॉटडिश नेली होती. खिमा, शेंगा, वर बटाट्याचे तुकडे. दुःख कुणाच्याही घरी असो, आमच्या गावात आधी हीच पोचते, पाद्री नंतर. पिवळ्या काचेच्या भांड्यात नेली होती. तळाला नखरंगानं लाल अक्षरं — ‘रॅ. ग्रुंडे’. आईनं नखांना कधी रंग लावला नाही. ती बाटली फक्त भांड्यांवर नाव घालायला.

मार्लिसच्या आईनं भांडं घेतलं. परत मात्र कधी आलं नाही. इथे तसं होत नाही! वैर असलं तरी भांडं परत येतं, आणि रिकामं येत नाही. आई वाट बघायची. “येईल रे, ओर्लिन.” शेवटच्या आजारपणातही तेच — “येईल रे.”

आम्हाला दोघांनाही माहीत होतं, ते का येत नाही.

३ फेब्रुवारी

थाओचा फोन. वैतागलेली. “काका, तुम्हा नॉर्वेवाल्यांच्या पूर्वजांना इतकी पोरं का हो? एका जोडप्याला तेरा!”

“हिवाळा मोठा असायचा, पोरी.”

खूप हसली. मग म्हणाली, “पण धागा आपल्याच तालुक्यात येतोय.”

१२ फेब्रुवारी

शेवटी तीन भाऊ उरले. दोघांचा डीएनए जुळला नाही. तिसरा वारला आहे. म्हणून त्याच्या मुलीला विचारलं. थाओ नाव सांगेना. एवढंच म्हणाली, “त्या बाईंनी लाळ घ्यायची काडी माझ्या हातातून घेतली आणि आपणच गालात फिरवली. म्हणाल्या, खरं असेल तर मला कळायलाच हवं.”

कोण असेल ती? तिच्यासाठी प्रार्थना केली.

२४ फेब्रुवारी

वर्नर ऑपडाल.

वर्नर! दर संध्याकाळी तळ्यावर पाणी मारून बर्फ गुळगुळीत ठेवायचा तो. चर्चमध्ये खर्जात गायचा. त्याची शवपेटी खांद्यावर घेणाऱ्यांत मी होतो — पुढचा डावा कोपरा. आणि माझं नाव घेऊन लोक रस्ता बदलायचे त्या सगळ्या वर्षांत, कॉफीला माझ्या शेजारी बसणारा तो एकटा. “काय ओर्लिन, बरं आहे ना?”

त्याला एकट्यालाच माहीत होतं, मी निर्दोष आहे म्हणून.

पुढे लिहवत नाही.

२६ फेब्रुवारी

कॅफेत सगळे माझ्याकडे बघून मान हलवत होते. शेजारच्या ड्वेननं माझ्या कॉफीचे पैसे दिले! म्हणाला, “आम्हाला तसं कधी वाटलंच नव्हतं, ओर्लिन.”

“हो का?”

“म्हणजे... तसं नाही वाटलं फारसं.”

“बरं,” म्हटलं. चांगला आहे तो.

खरं सांगायचं तर गावाचं मला काही नाही. फॉसींच्या घरात आता मार्लिसची धाकटी बहीण युनिस एकटी राहते. त्या वेळी लहान होती, माझ्या पाठीवर बसून तळ्यावर यायची. मार्लिस गेल्यापासून माझ्याशी एक शब्द नाही. तिनं एकदा नुसती मान हलवली तरी मी सुखानं मरेन. तिच्या घरावरून दोनदा गेलो. पडदे ओढलेले.

२८ फेब्रुवारी

आज वर्नरच्या मुलीच्या, लावॉनच्या घरावरून गेलो. पायऱ्यांवरचा बर्फ तसाच. एकही पाऊल उमटलेलं नाही. म्हणजे कुणीही काही घेऊन गेलेलं नाही. बाप दुसऱ्यांदा मेला तिचा — आणि कुणी नाही!

दुपारी खिमा परतायला घेतला. ड्वेन डोकावला. कुणासाठी ते कळल्यावर ओरडलाच, “खुन्याच्या पोरीकडे? डोकं फिरलंय का? आत्ता कुठे तुझं नाव धुऊन निघालंय. युनिसनं पाहिलं तर जन्मात तोंड बघणार नाही तुझं!”

“आजवर तरी कुठे बघत होती?” म्हटलं. पण मीठ दोनदा पडलं.

गेलो. लावॉननं दार जरासं उघडलं. “ओर्लिनकाका... तुम्ही?” भांडं तिच्या हातात दिलं. “मीठ जास्त झालंय. भांड्याची घाई नाही.”

पायऱ्या उतरताना युनिसची निळी गाडी समोरून आली. हळू झाली. माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं. गेली.

१ मार्च

ड्वेन म्हणतो ते खरं. संपलं.

तरी पुन्हा वेळ आली तर पुन्हा नेईन.

५ मार्च

दारावर थाप. वाटलं लावॉन असणार, भांडं द्यायला आली. कॉफीचं आधण ठेवूनच दार उघडलं.

युनिस!

हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी, वाफाळतं. फडकं बाजूला केलं तर पिवळी काच. मी भांडं वर धरून तळ बघितला. लाल अक्षरं तशीच — ‘रॅ. ग्रुंडे’.

“परत द्यायचं तर भरून द्यावं लागतं,” युनिस म्हणाली. “आईला कधी सुचलंच नाही, यात भरायचं काय. मलाही नाही सुचलं — त्या दिवशी तुला लावॉनच्या पायऱ्यांवर बघेपर्यंत.” मग नाक पुसलं. “दोन हॉटडिश केल्या होत्या. एक लावॉनकडे ठेवून आले. आता आत घेतोस, की इथंच गारठवतोस मला?”